गेलेल्या माणसाच्या नावाने पत्र टाकू नका

*ताई, सप्रेम नमस्कार. मी ३८ वर्षांचा, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला एक्स्टनला राहतो, आयटीत आहे. एच-१बी व्हिसावर ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. बायको एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आहे, तिला काम करायचं ईएडी कार्ड मिळालेलं आहे. मागच्या वर्षी मी घरखरेदीचा एक शनिवार-रविवारचा कोर्स केला. तिथे शिकवलं की ज्यांची घरं प्रोबेटमध्ये आहेत, म्हणजे मालक वारला आहे आणि मृत्युपत्राची कोर्टकचेरी चालू आहे, त्यांना टपालाने पत्रं पाठवायची. वारसांना घर नको असतं, स्वस्तात सुटतं, करार करायचा आणि तो दुसऱ्या गुंतवणूकदाराला विकून मधले पैसे घ्यायचे. मी १५०० नावांची यादी विकत घेतली आणि ६०० पत्रं पाठवली, पिवळ्या कागदावर, हाताने लिहिल्यासारख्या अक्षरात. दोनच फोन आले. एक बाई रडायला लागल्या. पत्र त्यांच्या वडिलांच्या नावाने गेलं होतं आणि वडिलांना जाऊन पाच आठवडे झाले होते. दुसऱ्या माणसाने शिव्या घातल्या. बायको म्हणाली, "हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आहे, बंद कर." उरलेली ९०० पत्रं मी थांबवली आहेत. हा धंदाच वाईट, की मी तो वाईट करतोय? नीट करता येत असेल तर कसा करायचा? – प्रसाद (नाव बदललं आहे)*

प्रसाद,

बायकोचं वाक्य तुम्ही न गाळता जसंच्या तसं लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर द्यायला बसले. तुम्ही जे केलंत त्याला तिचं म्हणणं लागू पडतं. धंद्याला सरसकट लागू पडत नाही. गेली अठरा वर्षं माझ्याकडे पेनसिल्वेनियात घरांच्या खरेदी-विक्रीचा परवाना आहे, आणि अशी पत्रं माझ्या स्वतःच्या घरीही येऊन पडली आहेत. त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

माझे थोरले दीर फिलाडेल्फियाच्या ईशान्य भागात एका रो-हाऊसमध्ये एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. ते ऑक्टोबरात गेले. मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा म्हणून, माझ्या नवऱ्याचं नाव होतं. दर शनिवारी आम्ही दोघं तिथे आवराआवरीला जायचो. स्वयंपाकघरात कालनिर्णयचं पान ऑक्टोबरवरच होतं, फ्रिजमध्ये मी दिलेल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी अर्धी, आणि दाराच्या फटीतून आत टाकलेल्या टपालाची रास. विजेचं बिल, औषधांच्या दुकानाची जाहिरात, आणि मग ती पिवळी पाकिटं. दोन महिन्यांत ३१ पत्रं आली. त्यातल्या २६ पत्रांवर भाऊजींचंच नाव. "मला तुमचं घर घ्यायचंय, आजच फोन करा." कागदावर शाई सांडल्यासारखा एक डाग छापलेला, आणि पुढच्या शनिवारी आलेल्या पत्रावर तोच डाग त्याच जागी. माझा नवरा शांत माणूस आहे. तो पत्र हातात धरून जिन्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "दादा गेला हे यांना ठाऊक आहे, म्हणून तर पाठवलंय. तरी नाव दादाचंच घातलंय."

फेब्रुवारीत मात्र एक पत्र आमच्या घरच्या पत्त्यावर आलं. वर नवऱ्याचं नाव, साधा पांढरा कागद. लिहिणारा जुनी घरं दुरुस्त करून भाड्याने देणारा माणूस होता. त्याने लिहिलं होतं की मागच्या गल्लीतून जाताना दिसलं, मागच्या बाजूची पन्हळ सुटली आहे आणि पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत मुरतंय. घर मला द्या न द्या, तेवढी पन्हळ आधी बांधून घ्या. खाली खरं नाव, पत्ता, फोन. आणि एक ओळ, की माझा आकडा ऐकायच्या आधी एखाद्या एजंटला किंमत विचारून ठेवा. आम्ही त्याच संध्याकाळी टॉर्च घेऊन मागे गेलो. पन्हळ खरोखरच एका खिळ्यावर लोंबत होती. जूनमध्ये घर त्यालाच विकलं, आणि त्याचं वाईट आम्हाला आजतागायत वाटलेलं नाही.

आम्हाला त्याची गरजही होती, हे लक्षात घ्या. पेनसिल्वेनियात वारसा कर आहे. मुलाबाळांना साडेचार टक्के, पण भावाबहिणींना १२ टक्के, आणि भाचे-पुतणे, मित्र वगैरे बाकीच्यांना १५. मृत्यूनंतर नऊ महिन्यांच्या आत भरायचा. तीन महिन्यांत भरला तर त्यावर ५ टक्के सूट मिळते. घराची किंमत २ लाख १० हजार डॉलर धरली होती, म्हणजे खर्च वजा करण्याआधी कर २५ हजार २०० डॉलर. भाऊजींच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते. सूट हातची गेली, आणि जुलै जवळ येत चालला होता. त्यात रिकामं घर. विमा कंपन्यांच्या पॉलिसीत बहुधा असं कलम असतं की घर ३० किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर तोडफोडीसारख्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. जानेवारीत हीटर बंद पडला तर नळ फुटतात आणि तळमजल्यापर्यंत पाणी. आम्ही थंडीभर दर शनिवारी आधी थर्मोस्टॅटला हात लावून बघायचो, मग कोट काढायचो. अशा घराला सरळ बोलणारा, खरे पैसे असलेला खरेदीदार मिळणं म्हणजे सुटका असते. तुमचा कोर्स म्हणतो "वारसांना घर नको असतं". बऱ्याचदा त्यांना घर हवं असतं, पण झेपत नसतं. तुमच्या पत्राची भाषा या फरकावरून ठरायला हवी.

आता टाळूवरचं लोणी नेमकं कुठे येतं ते आकड्यांत बघू. कोर्समध्ये तुम्हाला ७० टक्क्यांचं सूत्र शिकवलं असेल, सगळे तेच शिकवतात. समजा दुरुस्त होऊन घर २ लाख ४० हजारांना जाईल. त्याचे ७० टक्के १ लाख ६८ हजार. दुरुस्तीचे ४० हजार वजा. म्हणजे वारसाला देऊ केले १ लाख २८ हजार. आता तेच घर आहे त्या अवस्थेत एजंटमार्फत बाजारात ठेवलं आणि १ लाख ९० हजारांना गेलं असं धरा. पाच टक्के कमिशन साडेनऊ हजार. फिलाडेल्फियात हस्तांतरण कर शहराचा आणि राज्याचा मिळून साडेचार टक्क्यांच्या आसपास जातो, रिवाजाप्रमाणे दोघांत अर्धा-अर्धा. विकणाऱ्याच्या वाट्याला चार-सव्वाचार हजार. हातात १ लाख ७६ हजारांच्या आसपास. तुमच्या आणि बाजाराच्या आकड्यात ४८ हजार डॉलरचा फरक आहे, आणि तो फरक फक्त एकाच गोष्टीवर टिकतो. समोरच्याला बाजारभाव माहीत नसला पाहिजे. बाप गेल्याच्या पाचव्या आठवड्यात कुणाला बाजारभाव माहीत असतो? तुमची बायको ज्याला लोणी म्हणाली ते हे ४८ हजार.

त्याच घराला तुम्ही १ लाख ६८ हजार देऊ केले, आणि "बाजारात आठ-दहा हजार जास्त मिळतील, पण त्याला दोन-तीन महिने जातील आणि घर रिकामं करावं लागेल" असं तोंडाने सांगितलंत, तर तो सौदा आहे. वारसाने सोयीची किंमत मोजली, डोळे उघडे ठेवून. पण प्रसाद, यात दुरुस्त करून विकणाऱ्याच्या हातात फार काही उरत नाही. १ लाख ६८ हजार, वर ४० हजार दुरुस्ती, त्यावर व्याज, कर, विमा आणि विक्रीचा खर्च. गणित कसंबसं जुळतं. ज्याला घर ठेवून भाड्याने द्यायचं आहे त्याचं जुळतं. किंवा घर इतकं खचलेलं असावं लागतं, छत गळतंय, बुरशी आलीय, बँक कर्जच देत नाही, की साधा गिऱ्हाईक आत पाऊल टाकणार नाही. अशी घरं असतात, पण १५०० च्या यादीत मूठभर. बाकीच्यांना प्रामाणिक उत्तर एकच, "हे घर बाजारात विका." म्हणून हा धंदा नीट करायचा तर आलेल्या दहांतल्या आठ-नऊ फोनवर तुम्ही स्वतः घर न घेण्याचाच सल्ला द्याल.

मग पोट कसं भरायचं? तुमच्या बायकोला लायसन्स घेऊ द्या. खरं तर आधी तुमच्या व्हिसाचं बोलायला हवं होतं. एच-१बी वर तुम्हाला ज्या कंपनीने आणलं तिचंच काम करता येतं. घर विकत घेऊन ठेवणं ही गुंतवणूक झाली. पण पत्रं पाठवणं, फोन घेणं, करार करून तो विकणं आणि फी घेणं, याला काम म्हणतात. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या माणसाने हा धोका पत्करू नये. पुढचं एक पत्रही टाकायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला तासाभराची फी द्या आणि ही सगळी हकीकत सांगा. तुमच्या बायकोकडे ईएडी आहे, तिला काम करता येतं. पेनसिल्वेनियात सेल्सपर्सनच्या लायसन्ससाठी ७५ तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा आहे, आणि मग एखाद्या ब्रोकरच्या हाताखाली काम करावं लागतं. ज्या बाईंना त्यांचं घर बाजारात विकावं असा सल्ला द्यायचा, त्यांचं घर तिलाच बाजारात मांडता येईल, उघडपणे, ठरलेल्या कमिशनवर. फक्त एका घरात दोन टोप्या घालायच्या नाहीत. घर स्वतः घ्यायचं असेल तर आपण परवानाधारक आहोत आणि स्वतःसाठी घेतोय हे लिहून द्यायचं, आणि विकणाऱ्याने दुसरा एजंट घ्यावा असं सांगायचं.

करार करून तो पुढे विकायचा, ज्याला होलसेलिंग म्हणतात, त्याचं तर कोर्समध्ये अर्धवटच सांगितलेलं दिसतं. पेनसिल्वेनियाने २०२४ मध्ये त्यावर कायदा केला आणि जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. होलसेलिंग करणाऱ्याला आता रिअल इस्टेटचं लायसन्स लागतं, आणि विकणाऱ्याला ३० दिवसांपर्यंत किंवा खरेदी पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत, करार विनादंड मोडता येतो. फिलाडेल्फिया शहराचा परवाना त्याहून वेगळा. विना-लायसन्स तुम्ही एखादा करार केला असता तर काय झालं असतं याचा विचार करा, आणि त्या दोनच फोनबद्दल देवाचे आभार माना.

आता पत्रांविषयी, कारण तुमचा मुख्य प्रश्न तोच आहे. पुढे मी "तुम्ही" म्हटलं तरी हे काम लायसन्स मिळाल्यावर बायकोनेच करायचं आहे.

विकतची यादी फेकून द्या. अशा याद्या मृत्यूच्या बातम्या आणि मालमत्तेच्या नोंदी एकमेकींवर ठेवून यंत्राने काढलेल्या असतात. त्यात नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावरची घरंही येतात. अशा घरातला एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं होतं, त्याला प्रोबेट लागतच नाही. म्हणजे तुमचं पत्र एका विधवेला गेलं, जी तिथेच राहतेय आणि राहणार आहे. खरी माहिती उघड्यावर आहे. एक्झिक्युटरला नेमणुकीचं पत्र कौंटीच्या रजिस्टर ऑफ विल्सच्या कार्यालयातून मिळतं. तुमच्या चेस्टर कौंटीचं कार्यालय वेस्ट चेस्टरला आहे. नेमणूक झाली की एक्झिक्युटरला लागोपाठ तीन आठवडे, आठवड्यातून एकदा, वर्तमानपत्रात आणि कौंटीच्या कायदेविषयक नियतकालिकात नोटीस द्यावी लागते. चेस्टरमध्ये ते चेस्टर कौंटी लॉ रिपोर्टर, फिलाडेल्फियात लीगल इंटेलिजेन्सर. नोटिशीत गेलेल्या माणसाचं नाव असतं, एक्झिक्युटरचं असतं, बहुधा वकिलाचंही. ती नोटीस देणेकऱ्यांनी आणि घेणेकऱ्यांनी पुढे यावं म्हणून असते. तुम्ही ती वाचा, हाताने नावं उतरवा, मग मालमत्तेची नोंद बघा. फिलाडेल्फियात ऑफिस ऑफ प्रॉपर्टी असेसमेंटच्या संकेतस्थळावर ती फुकट दिसते. घर एकट्याच्या नावावर होतं का? आत अजून कुणी राहतंय का? मग एकदा त्या रस्त्यावरून गाडीने जा. दिवा लागतोय का, कचऱ्याचे डबे बाहेर येतायत का, अंगणातलं गवत कुणी कापतंय का. दिवा लागत असेल तर ते नाव खोडा.

एवढं केल्यावर महिन्याला ४० नावंही उरणार नाहीत. तेवढीच पुरेत. साध्या फर्स्ट क्लास टपालाने पाठवा. त्याचं तिकीट जुलै २०२५ मध्ये ७८ सेंट झालं, म्हणजे ४० पत्रांचे ३१ डॉलर २० सेंट. घाऊक मार्केटिंग मेल स्वस्त पडतं, पण पत्ता बदललेला असला की ते पुढे जात नाही आणि परतही येत नाही, तुम्हाला कळतच नाही. फर्स्ट क्लासचं परत येतं. परत आलेलं पाकीट म्हणजे नाव खोडायची खूण. आणि तिकीट न लावता स्वतः जाऊन कुणाच्या टपालपेटीत चिठ्ठी सरकवू नका. अमेरिकेत तो गुन्हा आहे. टपालपेटी फक्त टपाल खात्याची. फोन नंबर शोधून काढून फोन आणि मेसेज करायचंही कोर्समध्ये शिकवलं असेल. डू नॉट कॉल यादीतल्या, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद केलेल्या माणसाला केलेला एकेक नकोसा फोन ५०० ते १५०० डॉलरला पडू शकतो. त्यापेक्षाही, दुःखातल्या घरात फोन वाजवू नका. पत्र उशाशी ठेवून देता येतं, महिन्याने वाचता येतं. फोनला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं.

कधी पाठवायचं? आपल्याकडे तेराव्यापर्यंत त्या घरी कुणी व्यवहाराचं बोलत नाही. इथे तेरावा नसला तरी दुःखाचे दिवस तितकेच असतात. मी म्हणेन, नेमणुकीनंतर निदान तीन महिने थांबा. तोवर एक्झिक्युटरच्या हातात शॉर्ट सर्टिफिकेट आलेलं असतं. पेनसिल्वेनियात नेमणुकीच्या त्या छोट्या दाखल्याला हेच म्हणतात, आणि त्याशिवाय बँक दारात उभं करत नाही. घराची पहिली बिलं आलेली असतात. भावंडांचं एकदा बोलणं झालेलं असतं. दुसरं पत्र सहाव्या महिन्यात, कारण नवव्या महिन्यात कर आहे. तिसरं नको. कोर्सवाले म्हणतात सात वेळा पाठवा तर एक लागतं. ज्याला दोन वेळा सांगून नको आहे त्याला खरंच नको आहे.

आणि पत्रात काय? पत्र बायकोच्या नावाने इंग्रजीत जाईल, पण आशय असा ठेवा:

"आपण श्रीमती अमुक यांच्या मालमत्तेच्या एक्झिक्युटर आहात असं मी जाहीर नोटिशीत वाचलं. आपल्या घरी दुःख आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. तमुक रस्त्यावरचं घर मी बाहेरून पाहिलं आहे. पुढच्या पायऱ्यांचा कठडा हलतो आहे. टपालवाल्याला किंवा कुणालाही लागण्याआधी तो घट्ट करून घ्यावा. घर ठेवायचं असेल तर हे पत्र बाजूला टाका. विकायचं मनात असेल तर बाजारात काय मिळेल आणि मी थेट घेतलं तर काय देऊ शकेन, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून देईन. निर्णय घेण्याआधी आपल्या वकिलांना आणि दुसऱ्या एजंटला जरूर विचारा. सामान आवरायची घाई नाही. मी परवानाधारक आहे, माझ्या ब्रोकरचं नाव आणि फोन खाली दिला आहे."

एवढंच. खरी सही, शाईची. कठड्याची ओळ प्रत्येक पत्रात वेगळी असणार, कारण प्रत्येक घर तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असणार. काहीच दिसलं नाही तर ती ओळ गाळा, खोटी पन्हळ सोडवू नका. नोटिशीत वकिलाचं नाव असेल तर एक प्रत त्यांनाही पाठवा. लपवण्यासारखं काही नसलं की वकील आडवे येत नाहीत, उलट पुढच्या वेळी तेच फोन करतात.

फोन आला की आधी ऐकून घ्या. पहिली दहा मिनिटं बहुधा घराविषयी नसतातच. आई शेवटी कशी होती, भाऊ कॅलिफोर्नियाहून आलाच नाही, सोफ्याचं काय करू. मग जे तुम्हाला ठाऊक आहे ते सांगा, फी न घेता. मृत्यूच्या दिवसाच्या भावाने घराचं मूल्यांकन करून घ्या असं सांगा. अमेरिकेच्या आयकरात वारसाने घर त्या दिवशीच्या किमतीला घेतलं असं धरतात, त्यामुळे लवकर विकलं तर नफ्यावरचा कर बहुधा नसतोच, आणि कागद हातात नसला तर पुढे सिद्ध करणं अवघड जातं. घरावर कर्ज असेल तर घाबरू नका म्हणा. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याप्रमाणे कर्जदार वारला आणि घर नातेवाइकाकडे गेलं एवढ्याच कारणावरून बँकेला सगळं कर्ज एकदम मागता येत नाही. आई नर्सिंग होममध्ये मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेवर होती का, विचारा. ५५ वर्षांपुढच्या व्यक्तीवर झालेला तो खर्च सरकार तिच्या मालमत्तेतून मागू शकतं, आणि हे वारसांना ऐन विक्रीच्या वेळी कळलं की रडारड होते. वारसा कराचा बोजा घरावरच असतो, तो टायटल कंपनी, म्हणजे मालकीचे कागद तपासून विक्री पार पाडणारी कंपनी, विक्रीच्या पैशांतून भागवून देऊ शकते. कर भरायला आधी रोख पैसे उभे करायलाच हवेत असं नाही. ही एवढी माहिती देणारं माणूस त्या एक्झिक्युटरला कुणी भेटलेलं नसतं. आम्हाला चौथ्या महिन्यापर्यंत भेटलं नव्हतं.

काही घरं अशी लागतील की ज्यांना हात लावू नये. फिलाडेल्फियात आजोबा वारले, त्यांच्यानंतर आजी वारली, नोंद कुणी बदललीच नाही, आणि नात त्या घरात राहतेय, असं सर्रास आहे. गावाकडे सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव आणि कसणारे चौघे, तसंच. प्यू या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये मोजलं तेव्हा शहरात अशी गुंतलेल्या मालकीची १० हजार ४०० च्या वर घरं निघाली, एकूण किंमत १ अब्ज डॉलरहून जास्त. यातली बरीचशी गरीब वस्त्यांतली, पिढ्यांच्या कष्टाची. अशा एखाद्या वारसाला पाच हजार डॉलर टेकवून त्याचा हिस्सा लिहून घ्यायचा आणि मग आत राहणाऱ्या नातीला बाहेर काढायचं, हे करणारे लोक आहेत. अशा घरातून फोन आला तर त्यांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचा नंबर द्या आणि त्या घरातून बाहेर पडा. तिथे तुमचा काही धंदा नाही.

त्या रडलेल्या बाईंचा पत्ता तुमच्या यादीत आहेच. ती यादी पुसून टाकायच्या आधी तेवढा एक पत्ता उतरवून घ्या आणि त्यांना हाताने चार ओळींचं पत्र लिहा, त्यांच्या स्वतःच्या नावाने. वडिलांच्या नावाने पत्र गेलं ही तुमची चूक झाली, आणि आता तुमच्याकडून पुन्हा काही येणार नाही, एवढंच. घराचा विषय काढू नका, फोन नंबर देऊ नका. टाकायच्या आधी बायकोला वाचायला द्या.

– ताई